पारगावचे पावणे

मढच्या चिमाजीने घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा घर शोधायच्या आधी त्याने ते गावभर सांगून टाकलं. पाटबंधारे खात्यात तो धरणावर चौकीदार होता, नुकताच रिटायर झाला होता. पाण्याची पातळी नुसत्या नजरेने सांगायचा. त्यामुळे घर, बैल आणि जावई यांतलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याने स्वतःचा समज करून घेतला होता. "घरात पाऊल टाकलं की मला कळतं, घेण्यालायक हाय का न्हाई," असं तो पारावर ऐटीत सांगायचा. जावयाच्या बाबतीत त्याचा अंदाज खरा निघाला होता, म्हणून लोक निमूट ऐकून घ्यायचे.

घर हवं होतं ते बायकोसाठी. प्रयागबाईचे गुडघे गेले होते आणि त्यांचं घर चढावर. रस्त्याला उतरायचं म्हणजे ती वाटेत दगड बघून बसायची, आणि परत चढताना तर प्रत्येक दगडाशी तिची ओळख झाली होती. लेक हर्षाली ओतूरला दिलेली. तिच्या जवळ, सपाटीला, रस्त्याला लागून एखादं छोटं घर मिळालं म्हणजे झालं, एवढीच अपेक्षा.

गोकुळ नावाचा एजंट भेटला. पांढरा शर्ट, दोन फोन, आणि दोन्ही फोनवर एकाच वेळी बोलायची सवय. एके सकाळी तो स्वतःच्या गाडीतून दोघांना ओतूरच्या अलीकडच्या डिंगोऱ्याला घेऊन निघाला. प्रयागबाईने पिशवीत एक नवी साडी घेतली होती. येताना लेकीकडे जायचं होतं आणि विहीणबाईंना रिकाम्या हाताने भेटणं बरं दिसत नव्हतं.

घाटाकडचा रस्ता मागे पडला तसा गोकुळने घसा साफ केला.

"काका, घर लई भारी हाय. फक्त एक अडचण हाय. घरात म्हातारी राहती. कुशाबाई."

"मग ती विकती का?"

"तिचा मुलगा विकतोय, गोरख. तो चाकणला कंपनीत हाय. आईला तिकडं न्यायचं म्हणतोय, पण तिला अजून बोलला न्हाई. दिवाळीनंतर सांगणार हाय. तवर घर बघायला आलो असं तोंडातून काढायचं न्हाई. आपण पावणं म्हणून जायचं."

"कुणाचं पावणं?"

"पारगावचं. म्हातारीची बहीण बायडाबाई तिकडं दिलीय. कुणी विचारलं तर पारगावहून आलो म्हणायचं. म्हातारी बसवून घेती, चहा टाकती. चहा होईस्तोवर तुमी घर बघून घ्यायचं. माझी सगळी गिऱ्हाइकं मी अशीच धाडतो."

प्रयागबाई मागून म्हणाली, "मला खोटं बोलायला जमायचं न्हाई."

"काकू, तुमी बोलूच नका. नुसतं बसा."

गोकुळ सकाळपासून गोरखला फोन लावत होता. तो उचलत नव्हता. "कामावर असंल," असं म्हणून गोकुळने गल्लीच्या वळणावर गाडी थांबवली. म्हातारी त्याला ओळखत असल्यामुळे तो पुढे येणार नव्हता. निळ्या दाराचं घर त्याने फोनवर बोलता बोलता, मान वर न करताच बोटाने दाखवलं.

त्या घरापुढे पंचवीस-तीस माणसं उभी होती.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "एजंटानं सगळ्यांना एकाच दिवशी बोलावलंय. चल बिगी बिगी, न्हाईतर आपल्याआधी कुणीतरी शब्द देऊन बसंल."

गुडघ्यांना जमेल तेवढी प्रयागबाई भरभर चालली. अंगणाच्या तोंडाशी टोपी हातात घेतलेला एक म्हातारा पुढे आला. तो शेजारी होता, बबनराव.

"कुठून आला?"

"पारगाव," चिमाजी ताबडतोब म्हणाला. गर्दीत आपला नंबर पुढे लागावा म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाला.

बबनराव मागे वळला. "आले. पारगावचे आले."

आणि घरातून बायकांचा असा हंबरडा फुटला, की चिमाजीचे पाय जागीच खिळले. मग त्याला अंगणाच्या कोपऱ्यातले बांबू दिसले. दाराच्या आत पांढऱ्या चादरीखाली कुशाबाई झोपली होती. पहाटे चूल पेटवायला उठली आणि चुलीपुढेच गेली, असं नंतर कळलं. सगळा गाव तिच्या बहिणीसाठी खोळंबला होता.

दोन बायका धावत आल्या आणि त्यांनी प्रयागबाईला मिठी मारली. "बायडाबाई, लई उशीर केला गं. तुझी वाट बघून डोळं थकलं आमचं." बायडाबाईला दम्याचा त्रास, कित्येक वर्षांत तिने डिंगोऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. गल्लीतल्या सुनांनी तिला कधी बघितलेलंच नव्हतं, आणि म्हाताऱ्यांचे डोळे आधीच अधू, त्यात भरलेले. प्रयागबाईने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तोवर तिला आत नेलं होतं.

चिमाजीने खरं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तो बबनरावाला म्हणाला, "अहो, आमी ते न्हाई."

बबनरावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असं व्हतं. दुःखात मानसाला आपण कोण तेबी सुचत न्हाई."

"तसं न्हाई हो. आमी दुसऱ्याच कामाला—"

"कामं ऱ्हाऊ द्या आता. पाणी घ्या."

पाण्याचा तांब्या घेऊन चिमाजी उभा राहिला. तेवढ्यात ओल्या धोतरातला, केस उतरवलेला एक माणूस समोर आला. तो गोरख. मोटारसायकलवर चाकणहून आला होता आणि ऊन वर आलं तरी कुडकुडत होता.

"मावशीबरोबर आलात ना?" त्याने विचारलं. "बरं झालं. लोक मघापासून म्हणत्यात, उचलू. मीच थांबवून ठेवलं व्हतं."

या माणसाला काय सांगायचं? तुझं घर बघायला आलोय म्हणून? न्हाणी दाखव, मोरी दाखव? चिमाजीने तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

"व्हय," तो म्हणाला.

आत प्रयागबाईला कुशाबाईच्या उशाशी बसवलं होतं. शेजारच्या एका थोरल्या बाईने हळूच विचारलं, "माहेरची साडी आणलीय का गं?" आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या पिशवीकडे गेल्या. प्रयागबाईने विहिणीसाठी घेतलेली साडी बाहेर काढली. ती बोलणार होती. ओठ हललेही होते. पण कुणीतरी तिच्या हातात कोमट पाण्याचा तांब्या दिला आणि समोर तो चेहरा होता.

प्रयागबाईची आई गेली तेव्हा दरड पडून रस्ता बंद झाला होता. ती माहेरी पोचली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. आईचं तोंड पुसायचं राहिलं होतं. आता तिने एका परक्या बाईचं तोंड पुसलं, केस विंचरले, कपाळावर आलेली बट मागे सारली, साडी नेसवायला हात लावला. आणि मग ती रडली. अशी रडली, की हिला बघून जराशी शंका आलेल्या एका म्हातारीनेही पदर तोंडाला लावला.

बाहेर गोरख मडकं धरून उभा होता; बायकांच्या घोळक्यात पदराआड रडणारी मावशी त्याने लांबूनच बघितली. खांदा द्यायला माणसं पुढे झाली, त्यात बबनरावाने चिमाजीलाही ओढलं. "माहेरचं माणूस पाहिजेच."

गल्लीच्या वळणावर गोकुळ गाडीला टेकून फोनवर बोलत होता. अंत्ययात्रा येताना दिसली तसा त्याने फोन खिशात टाकून भक्तिभावाने हात जोडले. ताटी जवळ आली. डाव्या बाजूच्या पुढच्या खांद्याला आपलं गिऱ्हाईक आहे हे बघून त्याचे हात तसेच जोडलेले राहिले.

"काका," तो शेजारून चालत कुजबुजला, "हे काय?"

"तूच म्हणलास ना, पावणं म्हणून जा," चिमाजी दात आवळून म्हणाला. "चल आता गुमान."

गोकुळ चालू लागला. दुसरा फोन वाजत होता, तो त्याने न बघता बंद केला.

माणसं नदीकडे गेली आणि थोड्याच वेळात निळ्या दारापुढे एक जीप येऊन थांबली. तिच्यातून एक बारकी, धापा टाकणारी म्हातारी उतरली. काखेत पिशवी.

"उसाची ट्रॉली उलटली वं रस्त्यात," ती अंगणातल्या बायकांना म्हणाली. "किती येळ हालायलाच न्हाई आमी. कुठं हाय माझी कुशी?"

एकीने विचारलं, "तुमी कोण?"

"मी बायडा. पारगावची."

सगळ्या बायका प्रयागबाईकडे बघायला लागल्या. बायडाबाईने दारातून आत बघितलं. तिथे आता नुसता दिवा होता आणि ओली जमीन. कुणीतरी घाईघाईने गोरखला फोन लावला, तर त्याचा फोन आत फडताळावरच वाजायला लागला. सगळ्या तो वाजणं थांबेपर्यंत नुसत्या ऐकत राहिल्या.

प्रयागबाई भिंतीला धरून उठली. "बाई, चूक माझी हाय. काय बोलायचं ते मागनं बोला, मी ऐकून घेईन. आदी नदीवर चला." एरवी पायरी चढताना देवाचं नाव घेणारी ती बाई सगळ्यांच्या आधी जीपमध्ये चढून बसली आणि तिने बायडाबाईला हात धरून वर घेतलं.

जीप नदीवर पोचली तेव्हा सरण पेटलं होतं. नुकतंच. पण पेटलेलं सरण ते पेटलेलंच.

बायडाबाई पिशवी मांडीवर घेऊन एका दगडावर बसली. ती रडली नाही, नुसती धापा टाकत राहिली. गोरख तिला बघून धावत आला, मग थबकला, मग प्रयागबाईकडे वळला. "मावशी ही हाय. मग तुमी कोण?"

चिमाजी पुढे झाला. आयुष्यात इतकं अवघड वाक्य त्याने कधी बोललेलं नव्हतं. "भाऊ, आमी मढचं. तुमचं घर बघायला आलतो. ह्या गोकुळनं सांगितलं, पारगावचं पावणं म्हणून जा. आल्याबरोबर सांगायला पाहिजे व्हतं. धीर झाला न्हाई."

गोकुळ लोकांच्या मागे सरकत होता. पण बबनरावाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. तो गोरखकडे बघत होता.

"घर बघायला? ती हयात असताना?"

गोरखने खाली बघितलं. "दिवाळीनंतर सांगणार व्हतो. इथं एकटी असायची. मला तिकडं झोप लागायची न्हाई. पण सांगायचं म्हणलं की ती घराचंच काही तरी काढायची. मग ऱ्हाऊन जायचं."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी पुढे काही बोलेल, असं वाटत असतानाच बायडाबाई म्हणाली, "तिला ठावं व्हतं रं."

गोरखने मान वर केली.

"मला फोनवर सांगायची. म्हणायची, बायडे, गोरख मला नवं नवं पावणं धाडतोय. सगळी पारगावची. कुणाला तुझ्या दारात कसलं झाड हाय तेबी सांगता येत न्हाई. चहा ठिवला की उठून भिंती ठोकून बघत्यात." बायडाबाईने श्वास घेतला. "मी म्हणलं, मग हाकलून का देत न्हाईस? तर म्हणली, कशाला हाकलू? तेवढीच मानसं येत्यात. एक जोडपं तर दुपारपर्यंत बसलं, म्हणली. त्यांना मी भाकरी करून घातली."

गोरख तिथेच वाळूत बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. बबनरावाने टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

बायडाबाईने प्रयागबाईला जवळ बोलावलं. आता आपल्याला चार शब्द ऐकावे लागणार, अशी मनाची तयारी करून प्रयागबाई तिच्यापुढे खाली बसली. गुडघे कडकन वाजले.

"तू बघितलंस तिला?" बायडाबाईने विचारलं.

"व्हय."

"तोंड कसं व्हतं? वाकडं झालं व्हतं का?"

"न्हाई वं. शांत व्हतं. झोपल्यावानी."

"आनि केस? केस लई व्हतं तिचं."

"अजून व्हतं. सगळं पांढरं, पर दाट. मी विंचरलं. एक बट कपाळावर येत व्हती सारखी, ती मागं सारली."

"ती बट लहानपणापासनं तशीच," बायडाबाई म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. प्रयागबाईने तिला धरलं. दुपारी त्या दोघी नदीकाठी दगडाशी बसलेल्या ज्यांनी बघितल्या, त्यांना त्या बहिणीच वाटल्या असतील.

थोड्या वेळाने गोरख उठला, मावशीच्या पिशवीतली साडी त्याने दोन्ही हातांनी घेतली आणि सरणावर नेऊन टाकली. परत आल्यावर तो गोकुळला एवढंच म्हणाला, "आता कुणाला धाडू नको." गोकुळने मान डोलावली.

निघताना चिमाजीने गोरखपुढे हात जोडले. गोरखनेही जोडले. बायडाबाईने प्रयागबाईचा हात सोडता सोडता सांगितलं, "दहाव्याला ये. मी असंन."

लेकीकडे जायचं राहिलं. गाडी मढच्या रस्त्याला लागली. चिमाजी पुढे बसून खिडकीबाहेर बघत होता. ज्या घराबद्दल पाऊल टाकताच त्याला सगळं कळणार होतं, त्या घरात खोल्या किती, हेसुद्धा त्याला सांगता आलं नसतं. त्याने अंगण बघितलं होतं, बांबू बघितले होते आणि तांब्या.

गोकुळने दोन्ही फोन बंद ठेवले होते. पण धंद्याची सवय वाईट. वळण गेल्यावर त्याने आरशातून मागे बघितलं.

"काकू, राग मानू नका. आता तो व्यवहार काय व्हणार न्हाई, पर मला दुसरं बघायला बरं पडंल म्हणून विचारतो. तुमी आत गेलता. तसं घर कसं वाटलं?"

प्रयागबाईने जरा विचार केला. प्रश्न विचारलाय तर नीट उत्तर द्यावं, असा तिचा स्वभाव.

"दार रुंद हाय," ती म्हणाली. "कुशाबाईला बाहेर नेताना तिरपं करावं लागलं न्हाई."