पिसवांचं स्टॉकचेकिंग

पिसवा घालवायला बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, हे स्टोअरकीपरांनी दात घासता घासता ठरवून टाकलं. तोंडात फेस होता म्हणून त्यांना ते लगेच बोलून दाखवता आलं नाही. आलं असतं तर बायकोने तो बेत तिथल्या तिथे हाणून पाडला असता आणि पुढचा सगळा घोळ टळला असता. पण चूळ भरून होईपर्यंत त्यांचा उत्साह इतका वाढला होता की आता त्यांना थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

झालं होतं असं. स्टोअरकीपरांची बायको घरी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, शेजारी उंच आरसा, आणि आरशासमोर गिऱ्हाइकाने उभं राहायची जागा. आदल्या दिवशी एक बाई नव्या कोटाचं माप द्यायला त्या जागी उभ्या राहिल्या, आणि बायको टेप लावते न लावते तोच त्यांनी एक पाय वर उचलला. मग दुसरा. मग दोन्ही उचलायचा प्रयत्न केला. शेवटी त्या "नंतर येते हं" म्हणून पायऱ्या उतरल्या त्या पिंढरी खाजवतच.

"अहो, लाडोबाला पिसवा झाल्यात," बायको म्हणाली.

"लाडोबाला? शक्यच नाही. तो आपला कुत्रा आहे!"

"पिसवांना ते माहीत नाही."

लाडोबा म्हणजे स्टोअरकीपरांचा जीव की प्राण. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडका असलेला हा कुत्रा त्यांनीच हौसेने घरी आणला होता. संध्याकाळी गोदामातून आल्यावर दिवसभरात कुठलं खोकं कुठे सापडलं, हमालाने कोणती गोणी उलटी लावली, हे सगळं ऐकून घेणारा घरात तो एकटाच होता. (बायकोही पूर्वी ऐकायची. मग तिने मशीन घेतलं.)

"हे बघा, रविवारी दादा येतोय," बायकोने निकाल दिला. "तोवर घरातली पिसू न् पिसू गेली पाहिजे. एक जरी दिसली ना, तर लाडोबाची रवानगी दादाच्या घरी. त्याच्याकडे अंगण आहे. माझ्याकडे गिऱ्हाइकं आहेत."

दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. ते एखादी वस्तू न्यायला आले की नेल्याशिवाय परत जात नाहीत, असा त्यांचा लौकिक होता. लाडोबाशिवाय आपली संध्याकाळ कशी जाईल या विचाराने स्टोअरकीपरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि सकाळी बेसिनपाशी त्यांना साक्षात्कार झाला.

अरे, गोदामात आपण दरवर्षी काय करतो? स्टॉकचेकिंग! हजारो नग, पण एकही नजरेतून सुटत नाही. का? तर पद्धत! तपासलेला माल एका बाजूला, न तपासलेला दुसऱ्या बाजूला, मध्ये खडूची रेघ. रेघेच्या अलीकडचं पलीकडे जायचं नाही. जी पद्धत नटबोल्टांना चालते ती पिसवांना का चालू नये?

त्यांनी ऑफिसात रजा टाकली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कंबर कसली.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

"तू फक्त बघ!"

"तेच म्हणते. बघवत नाहीये."

पहिलं पाऊल म्हणजे लाडोबाची आंघोळ. भांड्यांच्या साबणाने पिसवा मरतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांनी लाडोबाला मोरीत उभं केलं आणि शेपटीपासून फेस करत पुढे सरकू लागले. (शेपटीपासून का, तर गोदामात तपासणी नेहमी मागच्या भिंतीपासून सुरू होते.) त्यामुळे झालं काय, पिसवाही पुढे पुढे सरकल्या. पाठीवरच्या मानेवर आल्या, मानेवरच्या कानांवर आल्या, आणि शेवटी सगळी वस्ती लाडोबाच्या नाकाडाजवळ दाटीवाटीने गोळा झाली. स्टोअरकीपर आनंदाने ओरडले, "सापडल्या! सगळ्या एका जागी सापडल्या!" बायको बघायला धावली. तेवढ्यात लाडोबाने अंग झाडलं.

इतकं झाल्यावर दुसरा कोणी थांबला असता. स्टोअरकीपरांचा हुरूप दुप्पट झाला.

आता खोल्या. स्वयंपाकघर सोडलं तर घरात खोल्या तीन, पुढची, मधली आणि निजायची. पिसवा होत्या फक्त पुढच्या खोलीत, कारण लाडोबाचं अंथरूण तिथे होतं. स्टोअरकीपरांनी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर खडूने जाडजूड रेघ मारली. मग पुढच्या खोलीतला सगळा माल, म्हणजे सतरंजी, उशा, सोफ्यावरच्या गाद्या, लाडोबाचं अंथरूण आणि खुद्द लाडोबा, उचलून मधल्या खोलीत नेला. रिकामी खोली झाडली, पुसली, पुन्हा पुसली. दारावर खडूने "तपासले" असं लिहून खाली सही ठोकली. घाम पुसून ते दोन पावलं मागे सरले आणि सहीकडे कौतुकाने बघत राहिले.

मग मधली खोली. तिच्यातला माल, अधिक पुढच्या खोलीतून आलेला माल, हे सगळं निजायच्या खोलीत. मधली खोली झाडली, पुसली, "तपासले", सही. मग निजायची खोली रिकामी करायची म्हणून तिच्यातल्या गाद्या, पांघरुणं, बायकोची शिवायला आलेली कापडं, आणि त्या दोन्ही खोल्यांचं सगळं बाड उचलून पुन्हा पुढच्या, तपासलेल्या खोलीत. लाडोबाला हा खेळ फारच आवडला. प्रत्येक ढिगावर तो आधी जाऊन लोळायचा आणि मगच पुढच्या ढिगाकडे वळायचा.

संध्याकाळपर्यंत तिन्ही दारांवर तिन्ही सह्या झळकत होत्या. आणि बायको ताटं मांडता मांडता एका पायावर उभी राहिली.

"अहो, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी चावली!"

"तिथे कशी असेल? तो भाग तर मालात धरलाच नव्हता."

"आणि निजायच्या खोलीत तर उकळी फुटल्यासारख्या उडतायत. आजवर तिथे एकही नव्हती!"

स्टोअरकीपरांनी पांढरे मोजे चढवले आणि खातरजमा करायला निजायच्या खोलीत चार पावलं टाकली. खाली बघितलं. मोजे तिळाचे झाले होते, आणि तीळ उडत होते. नटबोल्ट एका ढिगातून दुसऱ्या ढिगात आपण होऊन उडी मारत नाहीत, हा बारीकसा फरक त्यांच्या तेव्हा ध्यानात आला.

आणि तोवर शनिवार संपला होता!

रविवारी सकाळी दादा आले ते नेहमीच्या थाटात. पांढरी पँट, पांढरा सदरा, पांढरे मोजे, पांढरे कॅनव्हासचे बूट. निवृत्त झाले तरी त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची. काळा कोट घातलेला पाहुणा एखादी पिसू झाकून तरी नेतो, हे मेव्हणे म्हणजे चालताबोलता पांढरा फळा होते.

"छकुले, चहा टाक गं!" म्हणून दादा सोफ्यावर टेकले. टेकल्याबरोबर त्यांच्या गुडघ्यावर एक काळा ठिपका प्रकट झाला.

स्टोअरकीपरांनी झडप घातली आणि गुडघ्यावर थाप मारली.

दादा दचकले. "काय झालं?"

"काही नाही! बऱ्याच दिवसांनी आलात. बरं वाटलं."

"मागच्याच आठवड्यात भेटलो की आपण."

"तेव्हाही बरंच वाटलं होतं," स्टोअरकीपर म्हणाले आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. मग खांद्यावर. मग पोटरीवर. एक ठिपका मोज्यावरून वर चढत होता, म्हणून ते खाली वाकले आणि दादांचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

"अहो मेव्हणे, नमस्कार करताय की बूट काढताय?"

"दोन्ही!" स्टोअरकीपर म्हणाले.

आतून बायकोचा आवाज आला, "काय चाललंय रे दादा?"

"काही कळत नाही गं," दादा म्हणाले. "मेव्हण्यांना आज माझ्याबद्दल फारच प्रेम आलंय."

असं अर्धा तास चाललं. स्टोअरकीपरांचे तळहात लाल झाले. दादा बसल्या बसल्या चुळबुळत होते, पाठ सोफ्याला घासत होते, पण तोंडाने काही बोलत नव्हते. सोफ्याखाली लाडोबा शांतपणे झोपला होता. त्याच्याकडे बघून स्टोअरकीपरांचे डोळे भरून आले. बस्स, आता हा चाललाच!

चहा झाल्यावर दादांनी त्यांना खुणेने गॅलरीत बोलावलं. दार लोटलं. इकडे तिकडे बघितलं. स्टोअरकीपरांची पाचावर धारण बसली.

"मेव्हणे, रागावणार नसाल तर एक कबूल करायचंय," दादा खालच्या आवाजात म्हणाले. "तुम्हालाही काही चावतंय का?"

"मला? छे! मुळीच नाही!" स्टोअरकीपर मान खाजवत म्हणाले.

"चावत असणार. त्या पिसवा आहेत, आणि त्या माझ्या आहेत. माझ्याकडे मांजरी आहेत ना, त्यांना झाल्यात. माझ्या कपड्यांतून तुमच्या घरात आल्या. छकुलीला कळलं तर मला पुन्हा दारात उभं करायची नाही."

स्टोअरकीपरांना वाटलं, आत्ता या गॅलरीतच उड्या मारायला सुरुवात करावी! म्हणजे पिसवा दादांच्या! म्हणजे लाडोबा निर्दोष! म्हणजे तिकडे पाठवायचा प्रश्नच मिटला, कारण जिथे आधीच पिसवा आहेत तिथे कुत्रा पाठवणार कोण! जीव भांड्यात पडला, आणि लगोलग अंगात मोठेपणा संचारला. त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. (या वेळी पिसू नसताना.)

"दादा," ते गंभीर आवाजात म्हणाले, "चूक कुणाच्याही हातून होते. मी तुम्हाला माफ केलं. हिला एक अक्षर कळणार नाही."

दादांनी तोंड फिरवलं आणि खिशातून रुमाल काढून चेहऱ्यावर धरला. त्यांचे खांदे हलत होते. एवढा दणकट माणूस, पण किती हळवा, असं स्टोअरकीपरांना वाटून गेलं.

"पण मी आणल्या तर मीच काढणार," रुमालाआडून दादा म्हणाले. "आणि तुम्ही मला मदत करायची. माझ्या पद्धतीने."

आणि मग घरात शिट्टी वाजायला लागली! दादांनी लाडोबाला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन त्याच्या मानेवर औषधाचे थेंब टाकून आणले. त्याच दिवशी, एकाच दमात, घरातलं सगळं कापड उकळत्या पाण्यात. व्हॅक्यूम क्लीनर सोफ्याच्या फटीत, गाद्यांच्या शिवणीत, कपाटाखाली, आणि त्याची पिशवी लगेच बाहेर. "एक खोली मग दुसरी खोली असं नाही, मेव्हणे! सगळं एकदम! आणि अंडी फुटतात, म्हणून थोड्या दिवसांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून!" दादा उशाला नळी लावून ओरडायचे. स्टोअरकीपर धुतलेल्या चादरी पिळायचे, उन्हात टाकायचे, आणि शिट्टी झाली की पळत परत यायचे. बिचाऱ्या दादांची भरपाईची धडपड बघून त्यांना आतून गहिवरून यायचं.

पिसवा गेल्या. खरोखर गेल्या! पांढरे मोजे घालून तिन्ही खोल्यांत कवायत झाली, मोजे पांढरेच राहिले. कोटवाल्या बाई येऊन दोन्ही पायांवर नीट उभ्या राहून माप देऊन गेल्या. दादा आपल्या घरी गेले. लाडोबा स्टोअरकीपरांच्या पायाशी लोळत पडला, आणि त्यांना इतका आनंद झाला की तो पोटात मावेना. मोठेपणा करायचा आणि कुणाला सांगायचा नाही, हे त्यांच्याने झालं नाही.

"अगं, तुला म्हणून सांगतो. दादांना बोलू नकोस. पिसवा त्यांनी आणल्या होत्या. त्यांच्या मांजरींच्या. मी पोटात घातलं सगळं."

बायकोने मशीन थांबवलं. "दादाच्या मांजरी? दादाला मांजर लांबून दिसली तरी शिंका येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तुम्ही दारांवर सह्या ठोकल्यात तेव्हाच मी त्याला फोन केला होता. तो म्हणाला, मेव्हण्यांची चूक काढली तर ते आणखी एक पद्धत शोधून काढतील. त्यापेक्षा चूक माझी आहे म्हणतो, म्हणजे ऐकतील."

स्टोअरकीपर मटकन सोफ्यावर बसले. मग त्यांनी लाडोबाला जवळ ओढलं.

"असू दे. माफ केलं ते केलं. पण लाडोबा तरी वाचला ना! तू तर याला दादांकडे पाठवायला निघाली होतीस."

"छे हो. ती नुसती तुम्हाला भीती घातली होती. त्या मुक्या जनावराने काय केलं होतं? घर साफ होईस्तोवर थोडे दिवस ठेवून घे म्हणून मी दादाला विचारलं होतं ते तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल? मग? काय म्हणाले दादा?"

बायकोने सुईत दोरा ओवला, दाताने तोडला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

"म्हणाला, त्यापेक्षा कुत्रा पाठव."