दयाळच्या मागावर

उद्या पहाटे उठायचं, असं फौजदारांनी ठरवलं आणि तिथूनच सगळं फिसकटलं.

हे फौजदार पोलिसांतले नव्हेत. एका दैनिकात गुन्ह्यांच्या बातम्या लिहिता लिहिता त्यांचे केस पिकून गळले आणि कुणाशीही बोलताना ‘त्या वेळी तुम्ही कुठे होतात?’ असं विचारायची खोड जडली, म्हणून कचेरीत हे नाव पडलं. मंत्र्यांना त्यांनी घाम फोडला होता, बिल्डरांना पळता भुई थोडी केली होती. (हे त्यांचं म्हणणं. बिल्डरांना कुणी विचारलेलं नाही.) अशा माणसाला पहाट ठाऊक होती ती फक्त कामावरून घरी झोपायला येतानाची.

पण प्रश्न बायकोचा होता.

बायको हल्ली रोज उजाडताच गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्याकाठच्या बागेत जायची. पक्षी बघणाऱ्यांचं एक टोळकं होतं, दातांचे एक डॉक्टर त्यांचे म्होरके. त्याला फौजदारांची हरकत नव्हती. खटकत होतं ते वेगळंच. परत यायची तेव्हा तिच्या चपलांना चिखल, केसांत काटक्या आणि चेहऱ्यावर असा उजेड असायचा, की तसला उजेड तिथं आपण शेवटचा कधी पाहिला हे फौजदारांना आठवेना. तो आपण पाडलेला नाही, ही बातमी त्यांना पचेना.

सुरुवातीला ती सांगायची. ‘अहो, आज शिंपी दिसला,’ असं एकदा ती दारातूनच म्हणाली. फौजदारांनी पेपरातून मान वर न काढता आपली पँट पुढे केली. ‘मग ही द्यायची ना त्याच्याकडे. कमरेत सैल करून हवीय.’

शिंपी नावाचा पक्षी असतो, हे त्यांना नंतर कळलं. तेव्हापासून तिनं सांगणंच सोडलं.

आणि परवा दाढी करताना तिचं बहिणीशी फोनवर चाललेलं बोलणं त्यांच्या कानांवर आलं. (चोरून नव्हे. बातमीदार चोरून ऐकत नाही, त्याला ऐकू येतं.)

‘अगं ताई, दयाळ आला होता ना आज. थेट खिडकीपाशी... छे, ह्यांना कुठलं कळतंय, हे घोरत होते... काळा-पांढरा, नेहमीसारखाच टापटीप. आणि शीळ काय घालतो म्हणून सांगू. त्याला पाहिल्याशिवाय हल्ली दिवस सुरूच होत नाही बघ.’

फौजदारांच्या गालावर वस्तऱ्याची एक रेघ उमटली.

शिंपी, सुतार, कोतवाल हे पक्षी असतात इथवर त्यांची प्रगती झाली होती. पण दयाळ? हे सरळसरळ एकट्यानं राहणाऱ्या, कपड्यांना इस्त्री करणाऱ्या पुरुषाचं नाव होतं. बायकोला विचारून मोकळं होता आलं असतं. पण संशयिताला आधी कळू द्यायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. ‘मीही येतो उद्या,’ एवढंच ते म्हणाले. बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बागेत पाचसहा जण जमले होते. फौजदारांची नजर एकावर खिळली. निवृत्त पोस्टमास्तर. पांढरा सदरा, काळं जाकीट, भांग असा की पट्टी ठेवून पाडलेला. आणि तो हलकी शीळ घालत होता.

फौजदारांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं. ‘दयाळ रोज येतो?’

‘हळू बोला,’ डॉक्टर कुजबुजले. ‘रोज. तुमच्या मिसेसनीच पहिल्यांदा हेरला त्याला.’

‘आणि तुम्ही सगळ्यांनी हे चालू दिलंत?’

‘चालू दिलं? अहो, आम्ही दुर्बीण लावून बघतो.’

 ‘त्याला बायको नाही?’

‘आहे की. जवळपासच असते. जरा फिकट, करडी. ती फारशी गात नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.’

‘बिचारी,’ फौजदार म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांना कुणाबद्दल इतकी आपुलकी वाटली नव्हती.

‘आता बहुतेक तुमच्याच इमारतीत राहायला येणार तो. जागा हेरून ठेवलीय म्हणे. तुमच्या मिसेस खूश आहेत.’

इथे फौजदारांचा तोल गेला. ते तरातरा पोस्टमास्तरांपुढे जाऊन उभे राहिले आणि ज्या आवाजात ते पत्रकार परिषदेत मागच्या रांगेतून प्रश्न विचारत, त्या आवाजात गरजले, ‘दयाळ, लपूनछपून शिट्ट्या मारतोस काय? हिंमत असेल तर समोर ये.’

समोर कुणी आलं नाही. उलट झाडावर होतं नव्हतं ते सगळं उडून गेलं. बगळे गेले, पोपट गेले, आणि ज्याच्यासाठी मंडळी श्वास रोखून उभी होती तो खंड्याही गेला. पोस्टमास्तरांनी रिकाम्या फांदीकडे पाहून हात जोडले, जसे माणसं स्मशानात जोडतात.

‘दयाळही गेला,’ ते म्हणाले. ‘तो काय, काळी-पांढरी शेपटी.’

फौजदारांनी शेपटी पाहिली. मग बायकोकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसत हसत बाकावर बसली, मग बाकावरून खाली बसली.

घरी येताना मात्र ती आपणहून बोलली. तिचे वडील घुम्या स्वभावाचे. पण सकाळी मागच्या पायरीवर तिला शेजारी बसवून ते दयाळला शीळ घालायचे आणि दयाळ उत्तर द्यायचा. बापलेकीचं बोलणं म्हणायचं तर तेवढंच.

‘हे मला कधी सांगितलं नाहीस.’

‘सांगणार होते की. त्या दिवशी. तुम्ही पँट काढून दिलीत.’

 फौजदारांना एका पाखराचा मत्सर कसाबसा गिळता आला असता, पण आता त्यात सासरे मिळाले. आणि दिवंगत माणसाविरुद्ध काही छापता येत नाही.

मग त्यांनी मनाशी हिय्या केला. न्हाणीघरात नळ सोडून ते शीळ शिकू लागले. (शेजाऱ्यांनी दोनदा विचारलं, प्रेशर कुकर सारखा का लावता.) जमतेय असं वाटल्यावर एका सकाळी बायकोच्या आधी उठून ते बाल्कनीत गेले, छाती भरून घेतली आणि सासऱ्यांचं स्मरण करून त्यांनी शीळ घातली.

स्वयंपाकघरातून पावलं धावत आली. दारात बायको उभी, हातात दुर्बीण आणि चेहऱ्यावर तो उजेड. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग फौजदारांकडे पाहिलं.

‘तुम्ही होय,’ ती म्हणाली. उजेड गेला. मग थोडा परत आला. ‘पुन्हा घाला बघू.’

फौजदारांनी पुन्हा घातली. तेवढ्यात काळं-पांढरं काहीतरी सणसणत आलं, त्यांच्या टकलाला पंख घासून कठड्यावर बसलं आणि शेपटी ताठ करून त्यांच्यावर तडातडा ओरडू लागलं. फौजदार खुर्चीमागे गेले.

‘हा का चिडलाय माझ्यावर?’

‘तुमची शीळ ऐकून त्याला वाटलं, दुसरा नर आलाय,’ बायको कौतुकानं म्हणाली. ‘आपल्या बायकोवर डोळा ठेवून.’

फौजदारांची छाती फुगली. मत्सर, आणि तो आपला कुणालातरी, हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. ‘मग आता काय करेल तो?’

‘काही नाही. एकदा नीट बघू दे तुम्हाला.’

दयाळनं मान वाकडी करून फौजदारांना नीट पाहिलं. मग शेपटी खाली केली, त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि निवांतपणे पंख साफ करायला लागला.