सार्वजनिक दात

प्रत्येक माणसाला आयुष्यात थोडंफार दुःख लागतंच, आणि ते शक्यतो दुसऱ्याचं असावं. स्वतःच्या दुःखावर औषध शोधावं लागतं, रांगेत बसावं लागतं, वर घरच्यांची बोलणी खावी लागतात. दुसऱ्याच्या दुःखाचं तसं नाही. ते तिकीट काढून, चार मित्र बरोबर घेऊन ऐकता येतं, आणि आवडलं तर ओरडून पुन्हा गायला लावता येतं. रॉक बँड नावाच्या संस्थेचा पाया हाच आहे. (गिटार, ड्रम वगैरे सामान नंतर आलं.)

या तत्त्वावर अढळ श्रद्धा असलेल्यांपैकी एक म्हणजे आपल्या गोष्टीतले डॉक्टर. डॉक्टर दातांचे. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान. दवाखान्यात दिवसभर एकाच बँडची गाणी लागलेली असत. दात कोरायचं ड्रिल आणि दुसऱ्या अल्बममधली गिटार यांतला फरक पेशंटना कळत नसे. डॉक्टरांना कळे, आणि ते तो समजावूनही सांगत. मात्र पेशंटच्या तोंडात दोन बोटं आणि एक आरसा असताना सांगत, त्यामुळे आजवर कुणी हरकत घेतली नव्हती.

खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर बँडच्या गायकाचं मोठं पोस्टर होतं. त्यात गायकाचा चेहरा कमी आणि उघडं तोंड जास्त होतं. पेशंट ते दंत-आरोग्याच्या जनजागृतीचं समजत आणि घरी जाऊन दोनदा दात घासत. अशा रीतीने बँडने समाजावर चांगले संस्कारही केले होते.

डॉक्टर 'निष्ठावंत श्रोता संघा'चे आजीव सभासद होते. संघाची घटना कडक होती. पहिली अट अशी, की सभासदाने बँड प्रसिद्ध होण्याच्या आधीपासून तो ऐकलेला असावा. (पहिला कार्यक्रम एका गॅरेजमध्ये झाला. तिथे दाटीवाटीने तीस माणसं मावतात. संघाचे चारशे बारा सभासद त्या कार्यक्रमाला हजर होते.) दुसरी अट, तिसऱ्या अल्बमनंतरचं काहीही आवडता कामा नये. आवडलंच तर ते घरी, दार लावून आवडावं. बँडमधल्या चौघांनी मात्र ही अट सर्रास मोडली होती. ते नवी गाणी करत, आणि ती त्यांना आवडत. म्हणून त्यांना संघाचं सभासदत्व देता आलं नव्हतं.

पण संघाचा खरा आधार होतं ते दुसऱ्या अल्बममधलं सावकाश गाणं. त्याच्या शेवटी गायक एक लांब सूर लावतो. गायकाच्या वरच्या पुढच्या दाताचा एक कोपरा तुटलेला असल्यामुळे त्या सुरातून बारीक शीळ निघते, आणि शीळ निघण्याच्या क्षणभर आधी त्याच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. दर कार्यक्रमाला ओघळतो. उजव्यातून कधीच नाही. लोक या थेंबासाठी गावोगाव जात. काहींची लग्नं या थेंबावर जमली होती. डॉक्टरांनी स्वतः संघाच्या त्रैमासिकात 'डाव्या डोळ्यातला अश्रू: एक अभ्यास' हा प्रदीर्घ निबंध लिहून असं सिद्ध केलं होतं, की गायकाला लहानपणी कुणीतरी डाव्या बाजूने सोडून गेलं असावं. बहुधा आई.

एके दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळेला ताई आत आली. ताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. काउंटर, अपॉइंटमेंटा आणि डॉक्टर या तिन्ही गोष्टी तीच सांभाळत असे.

"एक जण आलाय. गाल सुजलाय, टोपी काढत नाही. घेऊ का?"

"संध्याकाळी बोलव."

"त्याच्याच्याने उभंही राहवत नाहीये रे. घेते."

पेशंट खुर्चीत बसला. डॉक्टरांनी ओळखलं नाही. मग त्याने 'आ' केला, आणि डॉक्टरांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं, आणि त्यांच्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला.

"किती दिवस दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दिवस?" गायक म्हणाला. "अठरा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी माइक आपटला दातावर. तेव्हापासून गार वारा लागला की कळ जाते. आमचं एक सावकाश गाणं आहे, त्यात शेवटी मोठा श्वास घ्यावा लागतो. तो आत ओढला की थेट डोळ्यापर्यंत..."

"डाव्या."

"हो, डाव्याच!" गायक थक्क झाला. "एक्सरे न काढता ओळखलंत? तुमचं नाव ऐकलं होतं, ते काही उगीच नाही."

डॉक्टरांनी तरीही एक्सरे काढला. नस अर्धी मेलेली होती, आणि उरलेली अर्धी दोघींचं काम करत होती. मुळाशी पू झाला होता. अशा दाताने माणूस घरी नीट बोलतसुद्धा नाही. हा त्या दाताने अठरा वर्षं गात होता.

"आधी का नाही दाखवलंत?"

"मॅनेजर म्हणतो, वाटेल ते कर, पण त्या दाताला हात लावू नकोस. म्हणून न सांगता आलोय." गायकाने गाल धरला. "माझी मुलगी सहा वर्षांची आहे. आईस्क्रीम आणलं की अर्धं मला देते. मी खाल्ल्याचं नाटक करतो. आता तिला कळायला लागलंय. परवा म्हणाली, बाबा, तुम्हाला माझं उष्टं आवडत नाही का?"

डॉक्टरांना गलबलून आलं. तरीही त्यांच्यातल्या अभ्यासकाला राहवलं नाही. "ते गाणं... आईवर आहे ना?"

"आईवर? छे हो. आई मजेत आहे, रोज फोन करून डोकं खाते. आमची जुनी व्हॅन होती, तिच्यावर आहे ते. विकली तेव्हा लिहिलं."

निबंधातली पानं अकरा ते एकोणीस डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरून गेली. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, सूज उतरेपर्यंत दाताला हात लावता येणार नाही असं सांगितलं आणि पुढच्या सोमवारी बोलावलं. (वैद्यकीयदृष्ट्या हे अगदी बरोबर होतं. टाळाटाळ करायची वेळ आली की डॉक्टरांना नेहमी एखादं खरं कारण सापडत असे.)

आता खरा पेच होता. दात बरा करावा तर कोपरा भरला जाणार. म्हणजे शीळ जाणार, कळ जाणार आणि थेंबही जाणार. न करावा तर आपण दातांचे डॉक्टर आहोत. पेशंटचं नाव बाहेर फोडायचं नाही ही शपथ त्यांनी घेतली होती, म्हणून संघाच्या मासिक सभेत त्यांनी विषय 'समजा'ने सुरू केला.

"समजा, त्यांचा तो दात दुखत असेल, तर?"

सभा गंभीर झाली. संघाचे अध्यक्ष लिफ्टा दुरुस्त करणारे होते. प्रश्नाच्या मुळाशी जायची त्यांना सवय होती.

"दुखेना का," ते म्हणाले. "आमचे गुडघे नाही दुखत? अठरा वर्षं उभ्याने ऐकतोय आम्ही. केली कधी तक्रार?"

"नदी वाकडी वाहते म्हणून कुणी सरळ करतं का तिला?" सचिव म्हणाल्या. त्या शाळेत भूगोल शिकवत.

अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर ठराव मांडण्यात आला तो असा: 'सदर दात हा नैसर्गिकरीत्या गायकाच्या तोंडात असला, तरी भावनिकदृष्ट्या तो समस्त श्रोत्यांच्या मालकीचा असून गायक हे त्याचे केवळ विश्वस्त आहेत. विश्वस्तांना काही वेदना होत असल्यास संघ त्याबद्दल तीव्र सहानुभूती व्यक्त करीत आहे, व ती वेदना यापुढेही अखंड चालू राहावी अशी अपेक्षा करीत आहे.' ठराव एकमताने मंजूर झाला. डॉक्टरांनीही हात वर केला. कोपरापर्यंतच केला, पण मोजताना तो पूर्ण धरला गेला.

रविवारी ते ताईबरोबर जेवत होते. ताईला सगळं ठाऊक होतं, कारण ठराव त्यांनी तिच्याच कॉम्प्युटरवर टाइप केला होता.

"तुझी अक्कलदाढ आली होती ते आठवतंय?" ती म्हणाली. "तीन दिवस घर डोक्यावर घेतलं होतंस. तुझ्या रडण्याला कुणी तिकीट लावलं नाही ते. ज्याचं जळतं त्याला कळतं."

"ताई, तुला नाही कळायचं. ही कला आहे."

"मग कलेच्या दवाखान्यात पाठव त्याला. आपल्या पाटीवर 'दात' लिहिलंय."

या मुद्द्याला संघाच्या घटनेत उत्तर नव्हतं.

सोमवारी गायक आला. डॉक्टरांनी दोन-तीन फेऱ्यांत नस साफ केली, मूळ भरलं, आणि मग आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. अठरा वर्षांचे फोटो भिंगाखाली धरून त्यांनी अशी कॅप बनवली, की तिचा कोपरा जिथे आणि जेवढा तुटलेला होता, तिथेच आणि तेवढाच तुटलेला राहील. साप मरावा आणि काठीही तुटू नये. गायक खूश झाला, कारण मॅनेजरला काही कळणार नव्हतं. खुर्चीतच त्याने सूर लावून पाहिला. शीळ आली. बाहेर ताईने कान झाकले.

पुढच्याच महिन्यात मोठा कार्यक्रम होता. संघ पहिल्या रांगांत उभा होता. डॉक्टर अध्यक्षांच्या शेजारी, लेकाचं लग्न असल्यासारखे. एकेक गाणं झालं आणि शेवटी ते आलं. दिवे मंद झाले. लोकांनी डाव्या डोळ्याकडे पाहायला सुरुवात केली.

गायकाने श्वास घेतला. तो अडखळत, चोरून, कडेकडेने घेतलेला नव्हता. दार उघडून माणूस मोकळ्या हवेत यावा तसा त्याने तो छातीभर घेतला. मग सूर लावला. तो पूर्वी कधी टिकला नव्हता इतका वेळ टिकला, आणि कॅपच्या कोपऱ्यातून शीळ अगदी जागच्या जागी निघाली. डोळा मात्र कोरडा राहिला. आणि सूर संपल्यावर गायक हसला.

कुणीतरी मागून "थेंब!" असं ओरडलं.

"संपला माणूस," अध्यक्ष पुटपुटले.

"सुखी झालेला दिसतोय," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा त्यांचा आवाज होता. "घरात काहीतरी चांगलं घडलं असणार."

"शीळ आहे, पण तिच्यात जीव नाही," मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

अध्यक्ष डॉक्टरांकडे वळले. "तुम्ही अभ्यासक. तुम्हाला काय वाटलं?"

डॉक्टरांना खूप काही सांगता आलं असतं. या माणसाची अठरा वर्षांची कळ मी माझ्या हाताने काढली, असं अभिमानाने मनात तरी म्हणता आलं असतं. पण त्यांना लाज वाटत होती, आणि ती दाताची नव्हती. गाणं त्यांनाही आवडलं नव्हतं.

"पूर्वीसारखं नाही राहिलं," ते म्हणाले.

संघाने दुसऱ्याच दिवशी निषेधाचा ठराव केला. निम्मे सभासद एका नव्या बँडकडे गेले. त्या बँडच्या ड्रमरच्या पाठीत म्हणे कायमची उसण आहे, आणि ऐकताना अंगावर काटा येतो.

आता वाचकांच्या मनात काही प्रश्न उभे राहणं स्वाभाविक आहे. त्यांची उत्तरं अशी. बँड अजून चालू आहे, पण लहान सभागृहांत. मॅनेजरला काही कळलं नाही, तो गायकाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याच्या विचारात आहे. डॉक्टरांनी 'अश्रूचा लोप: एक अभ्यास' हा नवा निबंध लिहिला, तो जुन्यापेक्षा जास्त वाचला गेला. पोस्टर भिंतीवर तसंच आहे. ते सावकाश गाणं आता ऐकायचं तर जुनंच ऐकावं, असं जाणकारांचं मत आहे, आणि ते कुठे मिळेल ही चौकशी ही गोष्ट ऐकलेल्या प्रत्येकाने केली आहे. तुम्हीही आत्ता तीच करणार होतात.

दात आता दुखतो का, हे मात्र कुणी विचारलं नाही. तुम्हीही नाही.

नाही दुखत. मुलगी आईस्क्रीम आणते, त्यातलं अर्धं तो खातो.