शमुवेलदादाची तपासणी

एसटीत शमुवेलदादा दोन जागा धरतो. एक स्वतःला, एक प्रभूला. एकदा वाईच्या गाडीत कंडक्टर तापला. म्हणाला, "मग प्रभूचं तिकीट काढा."

"पंच्याहत्तरीच्या वर फुकट हाय न्हवं? ह्यो दोन हजाराचा हाय."

तेवढ्यात एक लेकुरवाळी चढली. दादानं लगेच जागा दिली. "बस बाई. त्याला उभं राहायची सवय हाय."

हा माझा शेजारी, दवाखान्यातला जुना कंपाउंडर. दूध नासलं तरी वर बघून जाब विचारतो. प्रार्थना आम्हीही करतो, पण आमेन म्हटलं की गप्प बसतो. याचं आमेन होतच नाही.

त्याची मुलगी रूथ पुण्याला असते. तिनं मला फोनवर बजावलं होतं, "आत्या, बाबांचं डोकं फिरलं असं कुणी म्हणालं, तर घराला कुलूप लावून त्यांना घेऊन जाईन." म्हणून परवा कॉलेजची एक पोरगी ख्रिस्ती लोकांच्या मनाची तपासणी करत आमच्या आळीत आली, तेव्हा मी आधीच त्याच्या ओट्यावर जाऊन बसले.

"काका, कुणी दिसत नसताना जवळ कुणी आहे असं वाटतं?"

मी डोळे वटारले. काही उपयोग झाला नाही.

"वाटतं कशाला? तुझ्या उजव्या अंगाला बसलाय. सरक जरा."

पोरगी सरकली.

"लोक तुमच्या पाठीमागं बोलतात असं वाटतं?"

"ही आक्का बोलती की! दिवसभर."

"बोलते," मी म्हटलं. "खोटं कशाला सांगू?"

पोरगीनं दोन्ही लिहून घेतलं. मला रूथचं कुलूप दिसायला लागलं.

"गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो?"

दादानं वर बघितलं. त्याची बायको एस्तर जाऊन वर्ष होत आलं. आता हा काय काय सांगणार, म्हणून मी कपाळाला हात लावला.

"न्हाई," तो म्हणाला. "एकदाबी न्हाई."

"हे चांगलं आहे, काका. काळजीचं काही नाही."

माझा जीव भांड्यात पडला. दादा मात्र तिच्याकडं बघतच राहिला.

"पोरी, तू लय घरं फिरतीस. ज्यास्नी ऐकू येतो, ती त्यासाठी काय करत्यात? तेवढं इचारून सांगशील?"