बालीशेटचं कलम

आमच्या गावात रात्रीची वस्तीला थांबणारी एसटीची गाडी सकाळी सहाला रत्नागिरीला सुटते, असं पाटीवर लिहिलं होतं. पण ती खरी सुटायची बालीशेट आल्यावर. गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगी, डोक्याला बोटीवरची पांढरी टोपी आणि हातात फणसाच्या पानाचा इवलासा द्रोण. द्रोणात चार शितं, दोन अबोलीची फुलं, कधी मूड असला तर एक लिमलेटची गोळी. हा द्रोण ते गाडीच्या पुढ्यात जमिनीवर ठेवत, उदबत्तीचा धूर हाताने गाडीकडे ढकलत आणि ड्रायव्हरला परवानगी देत, “हां, आता जावा. आमच्या बालीत असंच करतात. एक गाडी दरीत जात नाय!”

“बालीत दरी तरी आहे काय हो?” ड्रायव्हर विचारायचा.

“आहे तर! नायतर न जाण्यात मोठेपणा तो काय?”

यांचं खरं नाव शांताराम. शेजारचं घर, म्हणून मी त्यांना भावजी म्हणायची. उभा जन्म बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला. एका खेपेला बोटीचं इंजिन बिघडलं आणि बाली नावाच्या बेटावर बोट दोनेक महिने अडकली. तिथल्या कुठल्याशा आडगावात, न्योमान नावाच्या म्हातारीच्या पडवीत भावजी राहिले. झालं! माणूस परत आला तो अर्धाच. गावाने त्यांना बालीशेट करून टाकलं.

द्रोण काय नुसते गाडीला? आमच्या जात्यावर द्रोण, विहिरीच्या काठावर द्रोण, सरपंचांच्या नव्या स्कूटरच्या सीटवर द्रोण. सरपंच घाईत त्यावरच बसले आणि पांढऱ्या धोतराला अबोलीचा रंग लागला, तेव्हा केवढा तमाशा झाला! गावचे कावळे मात्र असे माजले की श्राद्धाच्या पानाकडे ढुंकून बघेनात.

कुठलाही विषय काढा, भावजी तीन वाक्यांत बालीला पोचत. “तिथं आपल्यासारखाच भात, आपल्यासारखेच माड, देवपण आपलेच. फक्त डुकर खातात, तेवढं सोडा. आणि वैनी, शेतीच्या पाण्याचं तिथं देऊळ आहे. देवळात बसून ठरवतात कोणाला कधी पाणी. आपण काय करतो?”

“कोर्टात बसून ठरवतो,” आमचे हे पेपरातून तोंड न काढता म्हणायचे.

पण खरी मजा पुढेच होती. भावजींची बालीत ‘गुंतवणूक’ होती! हा शब्द ते छाती फुगवून उच्चारत. गुंतवणूक म्हणजे काय, तर न्योमानकाकीच्या परड्यात लावलेलं एक हापूसचं कलम. एक! बोटीच्या कप्तानाला द्यायला म्हणून घरून नेलेलं. कप्तान मधल्या बंदरात बदलून गेला, कलम भावजींच्या मुदपाकखान्यात तांदळाच्या धुवणावर जगलं आणि शेवटी बालीच्या मातीत गेलं.

“परक्या माणसाला तिथं जमीन मिळत नाय,” ते समजावायचे. “मग मी काय डोकं चालवलं? जमीन काकीची, झाड माझं. आपल्याकडे नाय काय, जमीन एकाची नि माड दुसऱ्याचा?”

“हे त्या काकीला ठाऊक आहे का?” मी विचारलं.

“तिला माझी भाषा येत नाय. पण मान हलवलीन तिनं.”

आणि बेत तरी केवढा! आपल्याकडे आंबा मे महिन्यात, तिथे दिवाळीच्या सुमारास. म्हणजे दिवाळीला हापूस! जगात दुसरा कोणाकडे नाही! एकदा झाडाला हापूस लागला की इथली बाग विकायची, बालीत त्या गावी राहायला जायचं, एकाची शंभर कलमं करायची. रत्नागिरीचा एक व्यापारी बाग घ्यायला तयारच बसला होता. गाव हसत होतं, मला मात्र हसू येईना. इंदूची बाग परक्याच्या हाती जायची म्हणजे काय?

इंदू ही भावजींची बायको, माझी जिवाभावाची मैत्रीण. भावजी बोटीवर, इथली हापूसची बाग तीच राखायची. भावजी त्याच बालीच्या खेपेवर असताना ती तापाने गेली. तार त्यांना तिथे पोचली तोवर इथे सगळं उरकलं होतं. बाई मोठी फटकळ. हापूसच्या बागायतदाराची बायको, पण हापूसला नाक मुरडायची. “सुरीनं कापून खायचा तो काय आंबा? ती भाजी!” तिला आवडायचा विहिरीमागचा रायवळ, लिंबाएवढा, चोखून खायचा. खाताना रस कोपरापर्यंत यायचा आणि मग तशाच हाताने ती मला हाक मारायची. ते झाड ती गेली त्याच पावसाळ्यात वादळाने उन्मळून पडलं.

तर, त्र्याऐंशी सालची दिवाळी. शेजारच्या गावचा सुलेमान खलाशी त्या बंदरात जाणाऱ्या बोटीवर होता. मागच्या खेपेला त्याने निरोप आणला होता, झाड घराच्या वर गेलंय, मोहोर धरलाय. तेव्हापासून भावजींना जेवण गोड लागत नव्हतं. आणि पाडव्याच्या दिवशी दुपारच्या गाडीच्या दारातून सुलेमान ओरडला, “शेटनू! आणले हो, आणले!”

काय ती धावपळ! भावजींच्या पडवीत सरपंच आले, भटजी आले, रत्नागिरीचा व्यापारी तर आधीच पाटावर ठाण मांडून. पोरं आमच्या दगडी गडग्यावर चढली. सुलेमानने करंडी उघडली, वर पेंढा, पेंढ्याखाली आंबे. पडवीत असा वास सुटला की दोघीतिघींनी चुलीवरचं सोडून धाव घेतली. नोव्हेंबरात आंबा! मीही पुढे घुसले, खोटं कशाला बोलू?

भावजींनी पेंढा बाजूला केला.

आंबे लिंबाएवढे होते. पिवळे, गोल, चोचीला किंचित लाल.

व्यापाऱ्याने एक उचलला, हुंगला, परत ठेवला. “शेट, हा कसला हापूस? कलम मेलं तुमचं. वरचा हापूस गेला, खालचा कोयीचा खुंट फुटलाय. रायवळ आहे हा, शुद्ध रायवळ!”

आणि मग जी खसखस पिकली! “बालीशेट, गुंतवणूक बुडाली!” “शंभर कलमं कुठं लावणार?” सरपंचांनी तर धोतराचा सगळा सूड उगवून घेतला. मला मेल्यांचा असा राग आला!

भावजींचं कुठेच लक्ष नव्हतं. त्यांनी एक आंबा घेतला, दोन्ही तळव्यांत घोळवून मऊ केला, देठाकडचा चीक पिळून टाकला आणि तोंडाला लावला. डोळे मिटले. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला, तो पुसला नाही. मग दुसरा आंबा माझ्यापुढे धरला. “वैनी, खावा.”

मी चोखला. आधी गोड, मग जिभेच्या कडेला तो आंबटपणा. विहिरीमागचा आंबा! ज्याचं झाड पडून इतकी वर्षं झाली तो!

“कलम इंदीनं बांधलं होतं,” भावजी म्हणाले. आवाज एवढा खाली की हसणारे ऐकायला पुढे सरकले. “कोय तिच्या आंब्याची, वर डोळा हापूसचा. तार आली तेव्हा मला रडायलापण येईना. काकीला भाषा येत नव्हती, पण तिला कळलं. खड्डा तिनंच खणलान. मी कलम लावलं, तिनं पुढ्यात पानाचा द्रोण ठेवलान. मी निघेपर्यंत रोज ठेवायची. इंदीचं दहावं-बारावं माझ्या हातून तेवढंच झालं बघा.” मग एकदम हसले, डोळे वाहत होते तरी. “नि बघा बाईचा हट्ट! मी हापूस लावला, हिनं तिकडं जाऊनपण स्वतःचंच खरं केलंन!”

व्यापारी बागेचं विचारायला लागला. “बाग विकायची नाय,” भावजी म्हणाले आणि उरलेले आंबे पोरांत वाटून टाकले. कोया मात्र एकूण एक परत मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीची गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती. बालीशेटचा पत्ता नाही. मी घाबरून बघायला गेले. भावजी विहिरीमागे, पडलेल्या झाडाच्या जागी उकिडवे बसून माती थापत होते. पुढ्यात द्रोण, द्रोणात अबोली.

“वैनी,” ते मान वर न करता म्हणाले, “गाडीला जरा थांबायला सांगा. आज पयला मान हिचा.”

मी जाऊन सांगितलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.