जरा दुधाकडे बघा

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कराडच्या कुमुद तांबवेकर यांच्या घरचं दूध वर आलं, आणि उतू न जाता तसंच वर जात राहिलं.

दूध रोजचंच होतं, पिशवीतलं, एक लिटर. पातेलंही रोजचंच, एका बाजूला पोचा आलेलं. वेगळं होतं ते इतकंच, की त्या दिवशी कुमुदताईंना दुधासमोर उभं राहून करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं. एरवी त्या दुधाकडे अर्ध्या डोळ्यानं बघायच्या. उरलेल्या दीड डोळ्यात कणीक भिजायची, कोथिंबीर निवडून व्हायची आणि ठकी मांजर ओट्यावर चढत नाही ना, हेही पाहून व्हायचं. पण आज त्यांना साताऱ्याला जायचं होतं. पहाटेच सगळं आवरून, डबा भरून, पिशवी दाराशी ठेवून त्या मोकळ्या झाल्या होत्या. दूध तापलं की चहा, चहा झाला की निघायचं. म्हणून त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या आणि चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांनी दुधाकडे पूर्ण लक्ष दिलं.

दूध काठाला आलं तसा त्यांनी गॅस बंद केला. कुठलंही शहाणं दूध एवढ्यावर खाली बसतं. हे बसलं नाही. पातेल्याच्याच रुंदीचं, सरळ, गुळगुळीत, डोक्यावर सायीची टोपी घालून ते वर निघालं. पातेल्याबाहेर एक थेंब सांडला नाही.

"अहो," कुमुदताई मान न वळवता म्हणाल्या, "जरा इकडे या."

भालचंद्रराव आले ते वही आणि फूटपट्टी घेऊनच. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं धरणावर पाण्याची पातळी लिहून घ्यायची त्यांची नोकरी, आणि एकतीस वर्षांत एकही नोंद चुकली नाही याचा त्यांना रास्त अभिमान होता. त्यांनी पट्टी लावली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: सहा अठ्ठेचाळीस, काठावर दहा इंच.

"येवा चांगला आहे," ते धरणात पाणी येताना म्हणत तसं म्हणाले.

तेवढ्यात खिडकीवर कावळा बसला म्हणून कुमुदताईंनी तिकडे पाहिलं. लगेच दूध कललं आणि पातेल्याच्या अंगावरून एक ओघळ खाली आला. त्यांनी नजर परत आणली, तसं दूध सरळ झालं. मग त्यांनी एकदा वर बघून पाहिलं. दूध पुन्हा कललं. काठाकडे पाहिलं, सरळ. पापणी लवलेली त्याला चालत होती. नियम समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत: काठाकडे बघत राहायचं. बघणं सुटलं की हे सगळंच्या सगळं खाली येणार.

"मी बघतो, तू चहा घे," भालचंद्रराव म्हणाले.

कुमुदताईंनी जागा दिली. भालचंद्ररावांनी चार सेकंद पाहिलं आणि पाचव्या सेकंदाला किती वाजले ते बघायला मनगट वळवलं. दूध असं झुकलं की ठकी माळ्यावर जाऊन बसली. कुमुदताईंनी चहाचा नाद सोडला.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. या घरात आजवर अकरा वेळा दूध उतू गेलं होतं, आणि अकराही वेळा कुमुदताई "जरा दुधाकडे बघा हं" असं सांगून बाहेर गेल्या होत्या. भालचंद्रराव दर खेपेला तिथंच, पातेल्यासमोर उभे होते. कधी पेपरात डोकं, कधी कॅलेंडरात. कुमुदताईंनी एकदाही आवाज चढवला नव्हता. ओटा पुसून घेतला होता, अकरा वेळा.

आठ वाजता दूध छताला टेकलं. सव्वाआठला वरच्या मजल्यावरच्या घोरपडे वहिनी खाली आल्या. त्या सोसायटीच्या सेक्रेटरीही होत्या.

"अवो कुमुदताई, माझ्या स्वयंपाकघरातली फरशी गरम लागतीय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दूध पाहिलं, चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि आवाज खाली आणला. "वर जायचं म्हणतंय का हे?"

"दिसतंय तसंच."

"स्लॅब फोडायची तर अर्ज लागंल."

"अर्ज लिहायला मला खाली बघता येणार नाही."

वहिनींनी विचार केला. "मग तोंडी करा. मी ऐकून घेते."

कुमुदताईंनी काठाकडे बघत तोंडी अर्ज केला. विनंती अशी, की एक लिटर दुधास वर जाण्यासाठी पातेल्याच्या मापाची वाट मिळावी. वहिनींनी तो तिथंच मंजूर केला. त्यांची अट एकच होती, की त्यांच्या स्वयंपाकघरातून जाताना दुधाला कांद्याचा वास लागला तर त्याला त्या जबाबदार नाहीत. गवंडी बोलावला. तो वरून छिन्नी चालवत असताना त्याच्या घरचं कुणी आजारी असल्यासारखा हळू हळू ठोकत होता. एक खडा दुधात पडला नाही.

साडेदहाला दूध वहिनींच्या ओट्याशेजारून गेलं. अकराला गच्चीवर आलं. बाराला पाण्याच्या टाकीच्याही वर होतं आणि चौकातल्या लोकांनी स्कूटर थांबवून वर बघायला सुरुवात केली होती.

तहसील कचेरीतून निकम नावाचे साहेब फॉर्म घेऊन आले. त्यांनी गच्चीवर जाऊन पाहिलं आणि बराच वेळ खालीच आले नाहीत. आले तेव्हा त्यांची टोपी हातात होती.

"भेसळ?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मूळ दूध किती?"

"एक लिटर."

"आणि वाढीचं कारण? हा रकाना मोकळा ठेवता येत नाही."

कुमुदताईंनी खरं ते सांगितलं. "आज दुसरं काही काम नव्हतं. नीट बघितलं."

साहेबांनी लिहिलं, 'पूर्ण लक्ष दिल्यामुळे', खाली सही केली आणि जाताना पातेल्याला नमस्कार केला.

सगळा गाव वर बघत होता. घोरपडे वहिनी आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून होत्या आणि सारखं "बाई गं, बाई गं" म्हणत होत्या. दुधाला हलका आवाज होता, झोपलेलं बाळ श्वास घेतं तसा. उन्हात ते कसं दिसतं, ढगाला कुठं टेकतं, हे जो तो येऊन कुमुदताईंना सांगत होता, कारण ते एकट्या त्यांनाच दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता तो काठ, आणि काठाशी थरथरणारी बोटभर रुंदीची पांढरी कड.

आणि त्यांना दिसत होता दीड वाजत आलेला, न बघता.

साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांची थोरली बहीण होती. आई गेल्यावर अक्कानंच कुमुदला वाढवलं. सातव्या वर्षी पाटावर उभं करून दुधाकडे कसं बघायचं ते अक्कानंच शिकवलं. गेली दोन वर्षं अक्का माणसं आवाजावरून ओळखत होती. काल डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि आज चार वाजता पट्टी काढणार होते. अक्कानं आधीच सांगून ठेवलं होतं, "पट्टी सुटली की पहिलं तोंड तुझं बघणार. दुसऱ्या कुणाचं बघायचं नाही मला." दोनची गाडी चुकली की चारला पोचणं शक्य नव्हतं.

दीडला फोन वाजला. भालचंद्ररावांनी तो कुमुदताईंच्या कानाशी धरला. अक्काचा आवाज एवढा खणखणीत की सगळ्या घराला ऐकू आला.

"निघालीस का गं?"

"अक्का, दूध वर आलंय."

"मग गॅस बंद कर की."

"केलाय. तरी वर येतंय. बघणं सोडता येत नाही."

"मग सोडू नकोस," ती म्हणाली. "दुधाला तसं टाकून यायचं नाही. पट्टी काढू देत त्यांना. मी आपली डोळे मिटून बसते. तू येशील तेव्हा उघडीन. उद्या आलीस तर उद्या."

कुमुदताई "बरं" म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि डोळे भरले तसा काठ धूसर झाला आणि दूध हललं. त्यांनी घाईनं पदरानं एक डोळा पुसला, मग दुसरा, एका वेळी एकच.

हे भालचंद्ररावांनी पाहिलं. त्यांनी फोन ठेवला, वही मिटली. कानावरची पेन्सिल काढून फोन ऐकून खाली आलेल्या घोरपडे वहिनींच्या हातात दिली. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तेही दिलं.

"कुमुद," ते म्हणाले, "धरणावर पाळी बदलायची एक रीत होती. जुना माणूस लगेच निघून जायचा नाही. दोघं शेजारी उभे राहून पातळीकडे एकदम बघायचे. दोघांची नजर बसली की जुना म्हणायचा, पाणी तुमच्या हवाली. मग तो जायचा."

"आणि पाणी राहायचं?"

"राहायचं."

"काठाकडे बघायचं. वर नाही."

"वर नाही."

"लिहायचं नाही काही."

"नाही."

"चौकातनं कुणी हाक मारली तर?"

"मारू दे."

ते येऊन शेजारी उभे राहिले. दोघंही काठाकडे बघू लागले. चौतीस वर्षांत ती दोघं एकाच गोष्टीकडे इतका वेळ कधी बघत उभी राहिली नव्हती, आणि लग्नाच्या फोटोतही भालचंद्रराव दुसरीकडेच बघत होते. दूध शांत उभं होतं. वहिनींनी तोंडावर पदर धरला.

"दूध तुमच्या हवाली," कुमुदताई म्हणाल्या आणि त्यांनी मान वळवली.

दूध शहारलं. तळापासून एक लाट उठली आणि वर, वहिनींच्या स्वयंपाकघरातून, गच्चीवरून पार वर गेली. काठावर एक थेंब फुगला, घरंगळला आणि ओट्यावर पडला. भालचंद्ररावांचा हात सवयीनं मनगटाकडे गेला. मनगटावर काही नव्हतं. हात परत खाली आला. नजर हललीच नाही. दूध उभं राहिलं.

ठकीनं माळ्यावरून उतरून तो थेंब चाटून टाकला.

कुमुदताईंनी पिशवी उचलली आणि मागं वळून न बघता त्या जिना उतरल्या. दोनची गाडी त्यांना मिळाली. उंब्रजच्या थांब्याला मागच्या सीटवरची माणसं उठून मागच्या काचेला नाक लावायला लागली, तेव्हा त्यांनीही वळून पाहिलं.

कराडवर ते उभं होतं. नदीच्या वर, डोंगराच्या वर, ढगाला भोक पाडून पलीकडे गेलेलं. इतकं पांढरं की आजूबाजूचं आभाळ मळकट दिसत होतं. घारी त्याच्याभोवती लांबून घिरट्या घालत होत्या. कुमुदताईंना आधी ते ओळखूच आलं नाही. मग ओळखू आलं, आणि त्यांच्या छातीत काहीतरी मोठं, हलकं असं भरून आलं. हे आपल्या पातेल्यातलं. पोचा आलेल्या. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "कुणाचं असंल ओ?" कुमुदताईंनी नुसता आपल्याकडे हात केला.

चारला सात मिनिटं कमी असताना त्या पोचल्या. पट्टी आधीच काढलेली होती. अक्का खाटेवर ताठ बसली होती, डोळे गच्च मिटून, आणि दोन नर्सबाया तिला समजावून थकल्या होत्या.

"अक्का, आले मी."

अक्कानं डोळे उघडले. बराच वेळ बघितलं. मग हात पुढे करून बहिणीची हनुवटी धरली.

"म्हातारी दिसायला लागलीस की गं, कुमे," ती म्हणाली, आणि दोघी एकदम रडायला लागल्या, मग हसायला.

डोळे पुसून झाल्यावर अक्काची नजर खोलीवरून फिरली, पंख्यावरून, भिंतीवरून, आणि दक्षिणेच्या खिडकीवर थांबली. नव्या डोळ्यांना लांबचं चांगलंच दिसत होतं.

"कराडच्या अंगाला ते पांढरं काय उभं आहे?"

"दूध आहे. घरचं."

अक्कानं मान हलवली. दूध चांगलं आलं होतं हे तिला दिसतच होतं. थोडा वेळ ती कौतुकानं बघत राहिली. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"तू तर इथं आहेस. मग तिथं बघतंय कोण?"

"हे बघतायत."

"कोण? भालचंद्रराव?"

"हो. दोन वाजल्यापासून."

अक्कानं पुन्हा खिडकीकडे पाहिलं. दूध सरळ उभं होतं, एक रेघही न ढळता. ती खाटेवरून खाली उतरली, पदर डोक्यावर घेतला आणि दक्षिणेकडे तोंड करून तिनं दोन्ही हात जोडले.