अंतरा बोलेना

अंतरा बोलेनाशी झाली, हे आधी घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही. उलट पोरगी शहाणी झाली म्हणून सगळे खूश होते. सहा वर्षांची ही मुलगी एरवी सकाळी डोळ्यांआधी तोंड उघडायची. शाळेला सुट्टी, त्यामुळे ती बडबड दिवसभर घरच सोसत असे. एका दुपारी मात्र तिच्या आईला, प्रांजलीला, चक्क पंख्याचा आवाज ऐकू आला आणि कसंतरीच वाटलं.

"अंतरा, भूक लागली?"

अंतराने मान हलवली.

"काय खाणार?"

अंतराने फ्रिजकडे बोट दाखवलं.

"अगं, तोंडाने सांग ना!"

अंतराने ओठ घट्ट मिटले. प्रांजलीने मोबाइल उचलला.

शंतनु बँकेतून आला, तर बायकोने चहाऐवजी मोबाइलच पुढे केला. मुलं अचानक गप्प का होतात, यावर तिने वाचू नये ते सगळं वाचून काढलं होतं. मग त्यानेही वाचलं. आता घाबरणारे दोघं झाले.

"थेरपी लागेल का रे हिला?"

"काहीतरीच! बोर झाली असेल सुट्टीत."

म्हणाला खरा, पण स्वतःच महिनाभराचा हिशोब मांडू लागला. असं झालं तरी काय घरात? गेल्या महिन्यात पुण्याच्या कुमुदिनीकाकू ह्या हिंदी मुलखातल्या घरी येऊन गेल्या, एवढंच. अंतरा त्यांना प्रेमाने म्हणाली होती, "काकू, तुम्ही थकून गेल्या असाल, थोडं लेटून जा." 'लेटून' ऐकून काकू पोट धरधरून हसल्या. ते आजोबांना, मधुसूदनरावांना, भारी झोंबलं. काकूंची गाडी सुटते न सुटते तोच फर्मान निघालं: घरात हिंदी शब्द काढेल त्याला त्या दिवशी गोड नाही! पण हा तर चांगला संस्कार झाला. त्याचा इथे काय संबंध?

सरोजिनीआजींचं निदान तयार होतं. "नजर लागली आहे. मी तर आधीच म्हणत होती, हिचे फोटो टाकू नका."

त्यांनी मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. दृष्ट असली की ठसका येत नाही म्हणतात. इथे असा ठसका आला की मधुसूदनराव गॅलरीत पळाले. अंतराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण तोंडातून "आई गं" नाही.

"म्हणजे नजर नाही," आजी मटकन खाली बसल्या. "काहीतरी मोठंच आहे."

दुसऱ्या दिवशी अंतराने चित्र काढलं. आई, बाबा, आजी, आजोबा, सगळ्यांना हसरी तोंडं. मधोमध अंतरा, आणि तिला तोंडच नाही! शंतनुने तिथल्या तिथे मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन लावला.

"आपल्या घराण्यात असलं कोणाला झालं नाही," मधुसूदनराव म्हणाले. "पोरीला असल्या डॉक्टरकडे नेणार? लोक काय म्हणतील?"

"नेलं तर लोक बोलतील बाबा, आणि नाही नेलं तर ही बोलणार नाही!" शंतनुचा आवाज फाटला. मधुसूदनराव मुकाट्याने चपला शोधायला लागले.

सिटी सेंटरमधल्या त्या दवाखान्यात खुर्च्या तीन आणि माणसं पाच. प्रांजलीने अंतराला असं आवळून धरलं होतं की जणू कोणी हिसकावूनच नेणार आहे.

"कब से नहीं बोल रही?" डॉक्टर मॅडमने विचारलं.

"मॅडम, महीना होने आया," शंतनुला हुंदका फुटला. "पहले इतना बोलती थी कि हम हाथ जोड़ते थे!"

अंतरा ताठ बसली. तिने बाबांकडे पाहिलं, चोरून आजोबांकडे पाहिलं आणि बाबांची बाही ओढून कुजबुजली, "बाबा, इथे हिंदी चालते?"

प्रांजलीला रडू कोसळलं. "चालते गं माझी बाय! सगळं चालतं!"

मग जे धरण फुटलं! शाळा, मैत्रिणी, शेजारचं कुत्रं, आजीच्या मिरच्या, सगळं एका दमात. शेवटी ती मॅडमना म्हणाली, "घर पे कौन सा वर्ड हिंदी है, मुझे पता ही नहीं चलता. इसलिए सब बंद कर दिया."

मॅडम हसल्या. "बच्ची बिल्कुल ठीक है." मधुसूदनराव भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचत होते.

घरी आल्याबरोबर ते म्हणाले, "चला, तो नियम कॅन्सल."

"असा कसा कॅन्सल?" सरोजिनीआजी कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "महिनाभर पोरीने पाळला, आज एक दिवस तुम्ही सगळे पाळून दाखवा. पंच अंतरा. श्रीखंड करते आहे मी."

रात्री पानं वाढली. मधुसूदनरावांना वरणात मीठ कमी वाटलं. त्यांनी तोंड उघडलं, अंतराकडे पाहिलं आणि परत मिटलं. शंतनुने पोळीकडे बोट दाखवलं. प्रांजलीने मान हलवली. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

अंतराने श्रीखंडाचं बोट चाटलं, एकेकाकडे काळजीने पाहिलं आणि आजीच्या कानाशी लागली.

"आजी, ह्यांना उद्या मॅडमकडे घेऊन जायचं का?"